शेंगदाणामुक्त शाळेची कोशिंबीर

एका जंगलात एक शाळा होती. कोणत्या जंगलात ते विचारू नका, मुलांनो. नाव सांगितलं की तिथली मंडळी तक्रार घेऊन घरी येतात, आणि आली की जेवल्याशिवाय जात नाहीत. आणखी एक आधीच सांगतो. माझ्या गोष्टीतला बोध नेहमी दुसऱ्यांसाठी असतो. मला स्वतःला आजवर एकही लागू पडलेला नाही.

तर ही शाळा वडाखाली भरायची. मुख्याध्यापिका होत्या खारूबाई शेपटे. खारच त्या, एका जागी बसणं त्यांना ठाऊक नव्हतं. पाठीवर पट्टे होते. एक पट्टा शिस्तीचा, एक स्वच्छतेचा आणि एक संस्कारांचा, असं बाई स्वतःच पाहुण्यांना सांगायच्या.

शाळेची एक प्रथा होती. मधल्या सुट्टीत अंगतपंगत व्हायची. सगळ्यांनी ओळीत बसायचं, आपापले पानांचे द्रोण उघडायचे आणि पहिला घास शेजाऱ्याला द्यायचा. माकडाचं केळं अस्वलाच्या पोटात, अस्वलाचा मध हरणाच्या पोटात. सुट्टी संपेपर्यंत कोणी काय आणलं होतं आणि कोणी काय खाल्लं, याचा पत्ता लागत नसे. ही प्रथा बाईंनीच सुरू केली होती. वडाच्या बुंध्यावर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं, ‘वाटून खा’.

शाळेला एक शिपाई होता. ढालेमामा त्याचं नाव, कासव. घंटा वाजवायचं काम त्याच्याकडे होतं. मामा घंटेकडे निघायचे तेव्हा गणित चालू असायचं आणि पोचायचे तेव्हा मुलं भूगोल विसरून गेलेली असायची.

एके दिवशी दुर्वाबाई नावाची सशीण आपल्या मुलीला शाळेत घालायला आली. मुलीचं नाव लव्हाळी. मुलगी चुणचुणीत होती. आल्या आल्या तिने बुंध्यावरचं ‘वाटून खा’ वाचलं आणि आईकडे पाहिलं.

“बाई,” दुर्वाबाई म्हणाली, “हिला शेंगदाणा चालत नाही.”

“आवडत नसेल,” बाई हसून म्हणाल्या. “इथे आली की आवडायला लागेल. आमच्याकडे सगळं खायची सवय लावतात.”

“आवडायचा प्रश्न नाही हो. चालतच नाही. एक कण पोटात गेला तरी कान सुजतात, ओठ सुजतात, गळा आवळतो. गेल्या वर्षी शेजारणीने प्रेमाने लाडवाचा तुकडा दिला. मी ओढ्यावर गेले होते. येऊन बघते तर पोर...” दुर्वाबाईने पदराच्या गाठीतून एक लांब काटा काढला. “हा साळिंदर वैद्यांनी दिलाय. आत औषध आहे. श्वास अडकतोय असं दिसलं की मांडीत टोचायचा. विचारविनिमय करत बसायचं नाही. टोचायचा आणि लगेच वैद्यांकडे न्यायचं.”

बाईंचे डोळे भरून आले. खरंच भरून आले, मुलांनो, मी उगीच सांगत नाही. बाई मनाने वाईट नव्हत्या. त्या वाईट असत्या तर ही गोष्ट मला इतकी झोंबली नसती.

“आजपासून ती माझी मुलगी,” बाई म्हणाल्या. “तुम्ही निर्धास्त जा.”

मग एखादी जबाबदार शाळा जे करते ते सगळं बाईंनी केलं. काट्याची नोंद वहीत केली. काटा स्वच्छ फडक्यात गुंडाळला. फडकं वडाच्या ढोलीतल्या कपाटात ठेवलं, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली शाळेतल्या सर्वात विश्वासू नोकराच्या हाती दिली.

“ढालेमामा, जीव गेला तरी ही किल्ली कुणाला द्यायची नाही.”

मामांनी मान बाहेर काढली. “कुनाचा जीव, बाई?”

पण बाईंना पुढच्या तासाला जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पालकसभा झाली. अध्यक्षस्थानी शाळा समितीचे आण्णासाहेब झिपरे होते. ते अस्वल होते आणि सभेत डोळे मिटून विचार करायचे. काकडेबाई नावाची एक कावळीण उठली. तिची दोन पिल्लं तिसरीत होती.

“एका पोरीसाठी सगळ्यांनी काय उपाशी राहायचं?” ती म्हणाली. “आमच्या लहानपणी असली थेरं नव्हती. शेंगदाणे खाऊनच वाढलो आम्ही. कुणाला काही झालं?”

कोपऱ्यातून मामा बोलले. त्यांचं वय शंभराच्या वर होतं, आणि सभेत ते प्रथमच बोलत होते.

“व्हायाचं की, बाई. दर दोन-चार सालांनी येखादं पोर जायाचं. आपन म्हनायचो, नजर लागली.”

सभा गप्प झाली. काकडेबाई खाली बसली. आण्णासाहेबांनीसुद्धा डोळे उघडले.

त्या शांततेचा फायदा घेऊन खारूबाईंनी भाषण केलं. लव्हाळीला पंगतीत कुठे बसवावं, तिला काय सोयीचं पडेल, असल्या बारीक गोष्टी भाषणात बसत नाहीत, म्हणून त्या राहिल्या. बाकी भाषण उत्तम झालं. शेवटी बाई म्हणाल्या, “आपली शाळा जंगलातली पहिली शेंगदाणामुक्त शाळा होईल!” आणि टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की बाईंची शेपटी आपोआप वर जात असे.

झालं. कामाला धडाका आला. शेंगदाणा निर्मूलन समिती नेमली गेली. फाटकावर फलक लागला, त्यावर एक शेंग आणि तिच्यावर लाल फुली. मुलं रोज प्रार्थनेनंतर प्रतिज्ञा म्हणू लागली. रविवारी प्रभातफेरी निघाली. लव्हाळीला सर्वात पुढे चालायला लावलं आणि तिच्या गळ्यात पाटी अडकवली, ‘मला वाचवा’. ती पाटी तिच्या गुडघ्यांना लागत होती. फेरी संपेपर्यंत तिने मान वर केली नाही.

आणि पंगतीपासून सात पावलांवर एक दगड ठेवला गेला. दगडावर लिहिलं होतं, ‘सुरक्षित जागा’. मधल्या सुट्टीत लव्हाळीने तिथे एकटीने बसायचं आणि आईने दिलेला द्रोण खायचा. तिथून तिला पंगत दिसायची. म्हणजे पाठी दिसायच्या आणि हसणं ऐकू यायचं.

चौथ्या दिवशी ती बाईंकडे गेली.

“बाई, मी पंगतीत बसू? मी कुणाचं खाणार नाही. माझंच खाईन.”

“अगं वेडे, हे सगळं तुझ्यासाठीच तर चाललंय!”

“हो बाई,” लव्हाळी म्हणाली आणि परत दगडावर जाऊन बसली.

मुलांनो, कोणी तुम्हाला ‘हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय’ असं म्हणालं, तर ‘हो’ म्हणण्याशिवाय तुमच्या हाती काही नसतं. मी माझ्या मुलाला हे वाक्य किती वेळा ऐकवलं, ते तो आता मोठा झाल्यावर मोजून सांगतो.

याच सुमारास घंटा फारच उशिरा होऊ लागली. आधी उशिरा व्हायची, आता कधी कधी व्हायचीच नाही. बाईंनी पाहिलं तर मामा भर सुट्टीत घंटा सोडून लव्हाळीच्या दगडाशेजारी बसलेले. पाला चघळत होते. बाईंनी त्यांना मेमो दिला. ‘शिपायाची जागा घंटेपाशी असते.’ मामांनी मेमो वाचायला घेतला, तो तीन दिवस वाचला, आणि पुन्हा दगडाशी जाऊन बसले.

मग समारंभाचा दिवस ठरला. आण्णासाहेबांच्या हस्ते ‘शेंगदाणामुक्त शाळा’ असं प्रमाणपत्र मिळणार होतं. पाहुणे येणार, सगळ्यांची एकत्र पंगत होणार.

आदल्या संध्याकाळी बाईंना लव्हाळीचा तो ‘हो बाई’ आठवला आणि त्यांच्या जिवाला कसंसंच झालं. पोर एकटी बसते, हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. पण समित्या इतक्या होत्या की वेळ झाला नव्हता. उद्या तिला पंगतीत बसवायचं, सर्वांच्या देखत, आणि पहिला घास आपल्या हाताने भरवायचा, असं त्यांनी ठरवलं. सशांना काकडी आवडते. म्हणून पहाटे उठून त्या स्वतः कोशिंबीर करायला बसल्या.

ओढ्याकाठच्या कोवळ्या काकड्या आणल्या, बारीक कोचवल्या, पाणी पिळून काढलं. म्हशींच्या कळपातून आलेलं घट्ट दही घातलं. मीठ, किंचित साखर, मिरची. वरून जिऱ्याची चुरचुरीत फोडणी. आणि मग लव्हाळीचा चेहरा डोळ्यांपुढे आणत बाईंचा हात फळीवरच्या बरणीत गेला, आणि दोन मुठी कूट कोशिंबिरीत पडलं.

ओरडू नका, मुलांनो. त्यांना ऐकू जाणार नाही.

तुम्ही म्हणाल, बाई इतक्या बावळट कशा? तर तुम्ही कधी कूट घालणाऱ्या घरात जेवला नाहीत. तिथे दाणे वेगळे आणि कूट वेगळं. दाणे खायचे असतात. कूट घालायचं असतं. बाईंनी समितीच्या ठरावाप्रमाणे घरातला शेंगदाणा नि शेंगदाणा बाहेर काढला होता, टरफलंसुद्धा झाडून टाकली होती. बरणीला मात्र त्यांनी हात लावला नव्हता, कारण बरणीत शेंगदाणे नव्हतेच. कूट होतं. कूट नसलेल्या कोशिंबिरीला तर त्यांच्या माहेरी चिरलेली काकडी म्हणत.

समारंभ सुरू झाला. प्रतिज्ञा झाली, स्वागत झालं. आण्णासाहेबांनी प्रमाणपत्र दिलं. पंगत बसली आणि बाईंनी लव्हाळीला दगडावरून उठवून हाताला धरून आणलं. पोरीचा चेहरा असा फुलला की दूर उभ्या असलेल्या दुर्वाबाईने डोळे पुसले आणि ती पाहुण्यांना पाणी द्यायला वळली. मामाही दगडाजवळून उठले आणि त्यांच्या चालीने पंगतीकडे निघाले.

बाईंनी घास पुढे केला.

लव्हाळीने वास घेतला. “बाई, आई म्हणते घरचंच खायचं.”

“मग मी काय परकी आहे?” बाई हसल्या. पाहुणेही हसले.

“यात दाणे नाहीत ना?”

“छे गं! दाणे कुठले? डोळ्यांनी बघ. एक तरी दाणा दिसतोय का?”

लव्हाळीने वाकून पाहिलं. दाणा दिसत नव्हता. बाई खोटं बोलत नव्हत्या. सगळे तिच्याकडे बघत होते आणि आण्णासाहेब टाळ्या वाजवायला हात जोडून बसले होते. तिने तोंड उघडलं.

टाळ्या संपायच्या आत तिचा एक कान जड होऊन पडला. मग दुसरा. भाकरी फुगावी तसे दोन्ही कान टम्म झाले. ती काही सांगायला गेली आणि आवाज निघेना.

“काय घातलंत त्यात?” दुर्वाबाई हातातलं पाणी टाकून धावत आली.

“काही नाही हो! काकडी, दही, मीठ, साखर, मिरची, कूट...”

“कशाचं कूट?”

“कशाचं म्हणजे? कुटाचं...” बाई म्हणाल्या आणि तिथेच थांबल्या. त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. जंगलातली पहिली शेंगदाणामुक्त मुख्याध्यापिका हातात प्रमाणपत्र आणि बोटांना कूट घेऊन उभी होती.

“काटा!” दुर्वाबाई ओरडली. “काटा कुठंय?”

“कपाटात!” बाई किंचाळल्या. “किल्ली मामांकडे आहे! मामा कुठे आहेत? मामा, पळा!”

सगळं जंगल ओरडू लागलं, मामा पळा, मामा पळा. कासवाला पळा म्हणायची वेळ ज्या शाळेवर येते, त्या शाळेबद्दल मी काय बोलावं.

पण मामा पळाले नाहीत. ते लव्हाळीपाशी येऊन पोचलेच होते. त्यांनी पाठीच्या कवचाखालून फडकं ओढलं, फडक्यातून काटा काढला आणि पोरीच्या मांडीत टोचला. एवढं करायला त्यांना नेहमीइतकाच वेळ लागला. त्या वेळात खारूबाईंनी आपल्या मनात सगळे पट्टे पुसून टाकले.

मग लव्हाळीने एक श्वास घेतला. लहानसा, फाटका, पण श्वास. दुर्वाबाईने तिला उचललं आणि हरणाच्या पाठीवर बसून ती साळिंदर वैद्यांकडे गेली.

बाई मामांपाशी गेल्या.

“मामा, काटा कपाटात होता.”

“पयल्या दिशीच काढला, बाई. मला माझी चाल ठाव हाय. घंटेपासून कपाट, कपाटापासून पोरगी, यवढं जाईस्तवर काय ऱ्हायलं असतं? म्हनून मी पोरीपासून लांब जातच नव्हतो.”

ससा आणि कासव म्हटलं की तुम्हाला शर्यतच आठवते. इथे शर्यत नव्हती. आपण हरणार हे कासवाला माहीत होतं, म्हणून ते आधीच जाऊन बसलं होतं. आपण कोण आहोत हे त्या शाळेत एवढ्या एकालाच नीट ठाऊक होतं.

लव्हाळी वाचली. आठ दिवसांत तिचे कान पूर्वीसारखे उभे राहिले.

समितीने चौकशी केली. काकडीवर बंदी घालावी, असा पहिला ठराव झाला. शाळेला ‘कोशिंबीरमुक्त’ करावं, असा दुसरा. आणि कपाटातली वस्तू वहीत नोंद न करता बाहेर नेल्याबद्दल शिपाई ढाले यांना कडक मेमो द्यावा, असा तिसरा. हा ठराव काकडेबाईने मांडला. आण्णासाहेबांनी डोळे मिटून संमती दिली आणि कागद सहीसाठी बाईंपुढे सरकवला.

बाईंनी मेमोवरचं ‘ढाले’ खोडलं आणि तिथे ‘शेपटे’ लिहिलं. खाली सही केली. वरचं नाव आणि खालची सही एकाच बाईची बघून त्यांना आधी हसू आलं, मग रडू आलं. मग त्या तो कागद घेऊन थेट लव्हाळीच्या बिळापाशी गेल्या.

“लव्हाळी, एक विचारायचं होतं,” बाई म्हणाल्या. हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा होता, म्हणून त्यांची मान खाली होती. “तुला काय हवंय?”

लव्हाळीने फार विचार केला नाही. तिचा विचार झालेलाच होता.

“पंगतीत बसायचंय. घास द्यायचा नाही, घ्यायचा नाही. माझं मी खाईन. शेजारी बसेल त्याने द्रोणात काय आहे ते मला आधी सांगायचं. जेवून झाल्यावर सगळ्यांनी हात-तोंड धुवायचं. आणि काटा मामांकडेच ठेवायचा.”

“एवढंच?”

“आणि ती पाटी नको.”

एवढंच होतं. यात समिती नव्हती, प्रभातफेरी नव्हती. बाईंना थोडं वाईट वाटलं, कारण यात भाषणही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बुंध्यावरचं ‘वाटून खा’ पुसलं गेलं. पंगत बसली. लव्हाळी माकडाच्या आणि हरणाच्या मध्ये बसली. माकडाने ‘केळं’ म्हटलं, हरणाने ‘पाला’ म्हटलं, आणि दोघांना परवानगी मिळाली. मामा मागे पाला चघळत बसले. तेवढ्यात खारूबाई आपला द्रोण घेऊन आल्या. पहाटेच उठून त्यांनी बरणी ओढ्याकाठी पुरली होती, भांडी तीन वेळा घासली होती, आणि जन्मात प्रथमच कुटाशिवाय कोशिंबीर केली होती.

“मी बसू शेजारी?” बाईंनी विचारलं.

“काय आहे?”

“काकडी, दही, मीठ, साखर, मिरची.”

“आणि?”

“आणि काही नाही!” बाई अभिमानाने म्हणाल्या. शेपटी जराशी वर गेली.

लव्हाळीने कोशिंबिरीकडे पाहिलं. वर जिरं चमकत होतं.

“आणि?” तिने पुन्हा विचारलं.

“आणि फोडणी. ती काय, नुसतं तेल...”

“कशाचं तेल, बाई?”

बाईंच्या डोळ्यांपुढे घरातली दाण्याच्या तेलाची बुधली आली. ओढ्याकाठी पुरलेल्या बरणीशेजारी आणखी एक खड्डा खणावा लागणार होता. पंगतीतली सगळी मुलं बाईंकडे बघत होती. मागून पाला चघळायचा आवाजही थांबला होता.

खारूबाईंनी द्रोणावर पान झाकलं. त्या सात पावलं चालत गेल्या आणि ‘सुरक्षित जागा’ लिहिलेल्या दगडावर एकट्याच जेवायला बसल्या. तिथून त्यांना पाठी दिसत होत्या आणि हसणं ऐकू येत होतं.

तात्पर्य : वाटून खाऊ नये, प्रेमाने भरवू नये आणि मोठ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवू नये. निदान ‘आणि?’ असं दोनदा विचारल्याशिवाय तरी नाही. हे लहान मुलांनी पाठ करावं. मोठ्यांनी मात्र याचा फलक करून लावू नये, कारण फलक लागला की काम झालं असं त्यांना वाटतं. मला तर गोष्ट लिहून झाली तरी तसंच वाटतंय.